अते नसलेली दित्से

लुम्बान गावात नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत जाऊन कुणालाही विचारा, पुरिंग कुठं राहते, तर तो आधी तुमच्या तोंडाकडं बघत राहील. मग म्हणेल, "कोण, दित्से का? मग तसं सांगा की!" आणि कोपऱ्यावरच्या घराकडं हनुवटी करेल. तिचं नाव पुरिंग आहे हे गावाला माहीत होतं, पण ते कागदावरचं नाव. मासळीवाली तिला दित्से म्हणायची, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा तिच्याहून मोठा असून दित्से म्हणायचा, आणि ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता तेही दित्सेच म्हणायचे.

आता दित्से म्हणजे घरातली दोन नंबरची बहीण. थोरली ती अते, तिच्या पाठची दित्से. धाकट्यांनी मोठ्यांना नावानं हाक मारली तर तोंडावर फटका बसतो आमच्याकडं, त्यामुळं बोलायला लागायच्या आत पोरांना हे पाठ असतं. तसं रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही मोठ्या बाईला अते म्हणून मोकळं होता येतं. दुकानदारीण अते, शिंपीण अते, जीपनीत, म्हणजे आमच्या भाड्याच्या गाडीत, शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा अते. फक्त पुरिंगला तसं म्हणायची सोय नव्हती.

शेजारी नवी सून आली होती, ती बिचारी एकदा चुकली. दारात उभी राहून म्हणाली, "अते पुरिंग, जरासं आलं मिळेल का हो?"

आतून पुरिंगची आई ओरडली. इसिंग तिचं नाव, आईला आम्ही नानाय म्हणतो म्हणून नानाय इसिंग, आवाज खणखणीत. "अते नाही ती! अते रोमला आहे. ही दित्से आहे, दित्से! या घरात अते एकच!"

त्या पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. पुरिंगनं तिच्या हातावर आल्याचा तुकडा ठेवला आणि हळूच म्हणाली, "मनावर नको घेऊस हं. दित्से म्हण. मलाही तीच सवय आहे."

तेव्हा रोमहून शेवटची खबर येऊन इतकी वर्षं झाली होती, की त्या सुनेच्या जन्माआधीची गोष्ट ती.

तीन बहिणी. थोरली एर्मिन्या, मधली पुरिंग, आणि शेंडेफळ झेनी. बाप सरोवरात मासेमारी करायचा. एका वादळात त्याची होडी परत आली, तो आला नाही. नानाय कशिद्याच्या कामाला बसायला लागली आणि घर एर्मिन्यावर पडलं. पोरगी स्वतःच अजून पोर होती. झेनीला कडेवर घेऊन घेऊन ती चालताना एका अंगाला कलायला लागली होती. पुरिंगला न्हाऊ घालायची, वेण्या घालायची, खोटं बोलली की कान पिळायची, आणि भात कमी पडला की "मला भूक नाही गं, उकडतंय" म्हणून बाहेर जाऊन बसायची. पुरिंगचा तिच्यावर जीव होता. आईपेक्षा जास्त होता म्हटलं तरी चालेल.

पुढं कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी रोमला घरकामासाठी मुली पाहिजेत म्हणून विचारलं आणि एर्मिन्या गेली. जाताना पुरिंगच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "दित्से, मी येईपर्यंत घर सांभाळ. नानायला एकटं सोडू नकोस." पुरिंग रडत रडत हो म्हणाली. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतं.

सुरुवातीला पत्रं यायची, खोकी यायची. साबण, डब्यातलं मांस, बूट. पुरिंगला आलेले बूट दोन बोटं मोठे होते, ती पुढं चिंध्या कोंबून ते घालायची आणि चर्चला मिरवायची. मग पत्रं पातळ झाली. मग बंद. सिस्टरकडून चौकशी केली तर उत्तर आलं, मुलीनं ते काम सोडलं, दुसऱ्या शहरात गेली, पुढचं ठाऊक नाही. बस्स. एवढंच.

एखाद्या आईनं ऊर बडवून घेतला असता. नानाय इसिंगनं तसलं काही केलं नाही. तिनं फक्त ठरवून टाकलं, की एर्मिन्या आहे, आणि ती या घराची अते आहे. छपराचे पत्रे बदलायचे? एर्मिन्याला विचारायला हवं. मागची जागा भाड्यानं द्यायची? एर्मिन्या काय म्हणेल? एक डुकरीण पाळली होती, चांगली तयार झाली, गिऱ्हाईक दारात उभं. नानाय म्हणाली, थांबा, थोरलीच्या लग्नाला लागेल. थोरलीचा पत्ता नाही आणि म्हणे लग्नाला लागेल! ती डुकरीण म्हातारी झाली, तिला कुणी घेईना, शेवटी आपल्या मरणानं मेली. गल्ली हसून हसून मेली. पुरिंगला मात्र खड्डा खणावा लागला.

एकदाच पुरिंगनं तोंड उघडलं. मृतांच्या दिवशी आम्ही सगळे कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, तिथंच जेवतो. बापाच्या नावाच्या रिकाम्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर पुरिंगनं दुसरी काढली आणि म्हणाली, "नानाय, अतेच्या नावानं एक लावू या का? कुठंही असली तरी..."

सगळ्या कबरस्तानासमोर तिच्या मुस्काटात बसली. "जित्या माणसाला मेणबत्ती लावतेस? तुला काय, तिची जागा पाहिजे काय गं?"

पुरिंगला तिची जागा नको होती. तिला फक्त रडून मोकळं व्हायचं होतं. पण नानायला ते कोण सांगणार, आणि सांगून ती ऐकणार थोडीच!

पुरिंगही कशिद्याच्याच कामाला लागली होती. नवरदेवाचे पातळ, पारदर्शक सदरे असतात ना, त्यांच्या छातीवर फुलं काढायची, आणि फुलांच्या मध्ये कापडातले दोरे एकेक उपसून जाळी पाडायची. पंखा लावायचा नाही, कापड उडतं. घामाचा थेंब पडू द्यायचा नाही, डाग राहतो. उकाड्यात कापड ताणलेल्या चौकटीवर वाकून बाया दिवसभर बसतात आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. पुरिंगचा हात साफ होता, जीभ मात्र गरीब. बाया तिला छेडायच्या, "दित्से, जगाच्या नवऱ्यांना नटवतेस, तुझा कुठं दडून बसलाय?"

तो होता. शेजारच्या पाएते गावचा तेबान. लाकडातून संतांच्या मूर्ती कोरायचा. सदऱ्याची ऑर्डर द्यायला आलेल्या मित्राबरोबर आला आणि मग येतच राहिला. मुलगी मागायची तर आधी तिच्या घरी राबायचं, या आमच्याकडच्या रीतीनं त्यानं पुरिंगच्या घरी पाणी भरलं, लाकडं फोडली, कुंपण बांधलं. ती डुकरीणसुद्धा दोन पावसाळे त्यानंच सांभाळली, बोला! नानाय त्याला पेज वाढायची आणि म्हणायची, "हात चांगले आहेत पोराचे." गल्लीनं लग्न धरूनच ठेवलं होतं.

मग त्याची माणसं मागणी घालायला आली. आईबाप, एक मामा, बरोबर केळीच्या पानातलं पांढरं चीज, भाताचे गोड पदार्थ, एक कोंबडा. नानायनं सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाली, "पोरगा मला पसंत आहे. पण थोरली अजून बिनलग्नाची आहे. धाकटीनं थोरलीला ओलांडून जायचं तर थोरलीची परवानगी पाहिजे. तिला कापडाची भेट द्या, ती हो म्हणू दे, मी उद्या लग्न लावते."

तेबानचा मामा म्हणाला, "बाई, रीत आम्हालाही माहीत आहे. पण थोरली कुठं आहे?"

"रोमला."

"रोमला कुठं?"

नानायचा आवाज फुटला. "परवानगी न घेता ओलांडलं की थोरलीचं नशीब तुटतं. ती पोर परक्या मुलखात कुठल्या संकटात आहे देवाला ठाऊक. हिचं लग्न लावून मी तिच्या गळ्यावर पाय देऊ? आई आहे मी तिची!"

आता कुणी म्हणेल, म्हातारी दुष्ट. नव्हती हो. तिला खरंच वाटत होतं तसं. आणि खरी रडायची गोष्ट ही, की पुरिंगलाही तसंच वाटत होतं. ती स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर उपाशीपोटी बाहेर जाऊन बसणारी अते होती. तिच्या नशिबाला आपल्यामुळं धक्का लागला तर? ती बाहेर येऊन म्हणाली, "आपण थांबू या. तिचं पत्र येईल."

तेबान थांबला. चांगला पुष्कळ थांबला. पाणी भरत राहिला, लाकडं फोडत राहिला. शेवटी एका दुपारी नदीवर पुरिंग कपडे धुवत होती तिथं आला आणि म्हणाला, "चल माझ्याबरोबर. आत्ता. पाएतेला जाऊ, मागाहून लग्न लावतील, लावावंच लागतं. सगळे करतात."

"आणि नानाय? एकटीच राहील?"

"झेनी आहे."

"झेनी लहान आहे रे. आणि अते परत आली तर काय सांगू? तुझी वाट बघवली नाही म्हणून?"

तेबान म्हणाला, "पुरिंग, मी पण माणूस आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि कपडे आपटत राहिली. तो बराच वेळ उभा होता. तिनं वर बघितलं असतं तर गेली असती, हे तिनंच पुढं एकदा शेजारणीला सांगितलं. तिनं वर बघितलं नाही.

तेबाननं पाएतेतलीच मुलगी केली. पुरिंग चौकटीवर वाकून जाळी पाडत राहिली. बायांनी तिला छेडणं बंद केलं. छेडण्यापेक्षा ते जास्त लागलं तिला.

मग झेनीचं लग्न ठरलं. नवऱ्याकडचे आले तेव्हा पुरिंग त्यांना पाणी देत होती. खोटं कशाला बोला, पोटात कुठंतरी तिला वाटलं, आता नानाय यांनाही रोमला पाठवणार. पण नानाय म्हणाली, "दित्से इथंच आहे की. तिला विचारा." झेनीचा नवरा कापडाचा तागा घेऊन पुरिंगसमोर वाकला आणि म्हणाला, "दित्से, परवानगी द्या."

झेनी पडद्याआडून जीव टांगणीला लावून बघत होती.

"दिली बाबा," पुरिंग म्हणाली. "सुखात ठेव तिला." आणि त्या ताग्याचा तिनं कधी कपडा शिवला नाही. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, रंग उठून दिसत नाही मला.

नानायला त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणतात. आपण एकीला अडवलं आणि दुसरीला सोडलं, हे तिला कळलं होतं की नाही देव जाणे. कळलं असलं तरी ती बोलणाऱ्यातली नव्हती.

त्यानंतर जे झालं ते आमच्याचकडं होऊ शकतं. तेबानला मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या आधी तो नव्या सदऱ्यात दारात आला. पुरिंगशी बरीच वर्षं बोलणं नव्हतं. टोपी हातात फिरवत म्हणाला, "बायकोनं पाठवलंय. पोरीची धर्ममाता होशील का?"

धर्ममाता हो म्हणून कुणी विचारायला आलं तर नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर पोराचं वाईट होतं. तेबानला हे माहीत होतं, मग त्यानं का विचारलं? बाया म्हणाल्या, बायकोला सगळं कळलं होतं, तिनं मुद्दाम केलं. काही म्हणाल्या, त्याला या घरी येण्या-जाण्याला वाट हवी होती. मला वाटतं त्याला पुरिंगला काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं एवढंच होतं. डोकं नसतं पुरुषाला अशा वेळी.

पुरिंगनं पोरीला पाण्यावर धरलं. पोर तिच्या बोटाला घट्ट धरून झोपून गेली. पाद्रीबाबांनी पाणी ओतलं, आणि त्या क्षणापासून तेबान तिचा कुंपारे झाला, ती त्याची कुमारे. पोरीची जन्मदाती आई न् धर्ममाता, बाप न् धर्ममाता, सगळे सख्ख्यासारखे. कुंपारे-कुमारे म्हणजे भाऊबहीणच, त्याच्याहून थोडं अधिकच सोवळं. चर्चच्या पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "येतो, कुमारे." ती म्हणाली, "या, कुंपारे. सांभाळून जा." इतकी वर्षं तू-तू म्हणणारी माणसं एका ओंजळभर पाण्यानं तुम्ही झाली.

तो मग दर जत्रेला बायकामुलांसकट यायचा. गावचा संत सान सेबास्त्यान, त्याच्या जत्रेत आमच्याकडं दार उघडंच असतं, येईल त्याला जेवायला घालायचं. पुरिंग वाढायची. पोरगी आशीर्वादासाठी तिचा हात आपल्या कपाळाला लावायची आणि तिच्याच मांडीवर बसून खायची. बरं चाललं होतं तसं. माणसाला थोडंसंही पुरतं.

पोरगी मोठी होऊन लग्न करून गेली आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तेबानची बायको वारली. शोक संपल्यावर तेबान एका दुपारी आला. पुरिंग दाराशी चौकट घेऊन बसली होती. तो पायरीवर बसला. दोघांचेही केस पांढरे.

"पुरिंग," तो म्हणाला.

तिची सुई थांबली. "कुमारे म्हणा."

"मी पाद्रीबाबांना विचारून आलोय. ते म्हणाले, चर्चची काही हरकत नाही. पूर्वी असेल, आता नाही."

"चर्चची नसेल. गावाची आहे. आणि माझी आहे हो. तुमच्या लेकीला मी पाण्यावर धरलंय. तिच्या बापाबरोबर मी... शी! तोंडसुद्धा दाखवता यायचं नाही मला."

"म्हणजे तेव्हा थोरली आडवी आली, आता ही पोर."

"पोरीला नावं ठेवू नका."

"ठेवत नाही गं," तो म्हणाला. "मीच आणली होती ती तुझ्याकडं." आणि तो म्हातारा माणूस पायरीवर बसून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. पुरिंगनं त्याला पाणी आणून दिलं. हात लावला नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवायची तिला इतकी इच्छा झाली, की तिनं दोन्ही हात चौकटीखाली घट्ट धरून ठेवले. तो गेल्यावर तिनं पाहिलं तर सुई तळहातात घुसली होती आणि कुणाच्या तरी लग्नाच्या सदऱ्यावर रक्ताचा डाग होता. तो भाग पुन्हा करून द्यावा लागला.

आणि मग एर्मिन्या आली.

तिची मुलगी तिकडंच जन्मलेली, मोबाईलवर शोधता शोधता झेनीच्या मुलापर्यंत पोचली. फोन झाले, रडारड झाली, आणि एका सकाळी लेकीला घेऊन एर्मिन्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. कापलेले करडे केस, अंगानं भरलेली, सेंटचा वास, पण उतरून चालायला लागली तशी एका अंगाला कलली. पुरिंगनं हातातली परात टाकली आणि अनवाणी धावली. "अते! अते!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तिच्या गळ्यात पडून ती अशी रडली, की एर्मिन्यालाच तिला धरून उभं करावं लागलं. त्या घटकेला पुरिंगच्या मनात दुसरं काही नव्हतं. निव्वळ आनंद होता.

नानाय खुर्चीत बसून होती. तिचं चालणं संपलं होतं, डोळे अजून धड होते. थोरलीनं तिचा हात कपाळाला लावला. नानाय म्हणाली, "जेवलीस का?" जणू पोर बाजारातून आली होती. मग पुरिंगकडं वळून म्हणाली, "बघितलंस? आणि तू मेणबत्ती लावायला निघाली होतीस."

"चुकलं, नानाय," पुरिंग म्हणाली, डोळे पुसत, हसत.

दुपारी जेवायला सगळे जमले. झेनीचं खटलं, नातवंडं, शेजारीपाजारी. पोरं एकामागून एक एर्मिन्याचा हात कपाळाला लावत होती. तेबानही आला होता, केळीच्या पानात पांढरं चीज घेऊन, कुंपारे म्हणून बोलावणं गेलंच होतं. टेबलाच्या टोकाला बसला. पुरिंग वाढत होती.

झेनी म्हणाली, "अते, पण एक पत्र नाही? एक ओळ नाही? आम्ही काय समजायचं?"

एर्मिन्यानं चमचा खाली ठेवला. "लाज वाटली गं. तिकडं गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी ही माझी लेक पोटात राहिली. लग्न केलं त्यानं माझ्याशी, चांगला होता, पण आधी पोट आणि मग लग्न. नानायला काय लिहू? मी अते. तुमचे कान पिळून तुम्हाला वळण लावलेलं मी. धाकट्यांना कुठलं तोंड दाखवू? म्हटलं पुढच्या वर्षी लिहू. मग पुढच्या. मग इतकी वर्षं झाली, की लिहायची भीती वाटायला लागली."

"दुसऱ्याच वर्षी?" पुरिंगनं विचारलं. तिच्या हातात भाताचं भांडं होतं.

"हो गं. तुम्हाला बूट पाठवले ना, तेव्हा लग्न झालेलं होतं माझं."

तेबानची माणसं मागणी घालायला आली, ते त्याच्या किती नंतर. थोरली तेव्हा लेकुरवाळी होती. ओलांडायला कुणी नव्हतंच. या बाईचं नशीब तुटू नये म्हणून पुरिंगनं स्वतःचं तोडून घेतलं, आणि ती तिकडं पोरीला दूध पाजत होती! दारातली लाकडं, नदीवरची दुपार, तो कापडाचा तागा, सगळं फुकट. टेबलाच्या टोकाला तेबाननं मान खाली घातली. त्याचा घास हातातच राहिला. नानाय इसिंगनं खुर्चीचे हात धरले आणि पुरिंगकडं बघितलं. त्या म्हातारीनं जन्मात कुणाला गयावया केली नव्हती. आता तिचे डोळे करत होते. नको बोलूस, दित्से. माझ्या या दिवशी नको.

एर्मिन्याला यातलं काय ठाऊक! ती मायेनं पुरिंगकडं बघत होती. पुरिंगचा सुयांनी भोकं पडलेला हात तिनं हातात घेतला आणि म्हणाली, "आणि तू गं? झेनी सांगत होती, तू लग्नच केलं नाहीस. का गं, दित्से? कुणी विचारलंच नाही का तुला?"

शेजारणी ताटात बघायला लागल्या. झेनी उठून पाण्याला गेली. सगळ्या टेबलावर एर्मिन्या आणि तिची ती परदेशी लेक, एवढ्या दोघींनाच माहीत नव्हतं.

पुरिंगच्या ओठांवर ते आलं होतं. सगळंच्या सगळं आलं होतं. एकदा म्हणून मोकळं व्हावं, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे. तिनं आईकडं बघितलं. तेबानकडं बघितलं नाही.

"नाही गं, अते," ती म्हणाली. "कुणी विचारलं नाही."

"अरेरे!" एर्मिन्याचे डोळे भरून आले. "मी इथं असते तर मी शोधून दिला असता तुला. चांगला, कष्टाळू बघून. थोरलीचं कामच असतं ते."

"हो ना," पुरिंग म्हणाली.

तेबान उठला. ताटात अर्धं तसंच. टोपी घेतली, नानायचा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "येतो, कुमारे."

"या, कुंपारे. ऊन आहे, सावलीनं जा."

एर्मिन्या तिचा हात धरून रडतच होती. मी नव्हते, मी नव्हते तुझ्याजवळ, म्हणत होती. पुरिंगनं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "उगी, अते. उगी," म्हणत राहिली. तिची स्वतःची रडायची पाळी आली तेव्हा भांडी घासून झाली होती, आणि घरात सगळे झोपले होते.